एकोणीस दिवसांची लेक

सासरहून परत आले त्याला महिनाही झाला नव्हता, तेव्हा आईनं मला मिल्कामावशींच्या शिवणक्लासात नेऊन बसवलं. साल शहाण्णव. हात गुंतले की तोंड बंद राहील, असा तिचा अंदाज. माझं तोंड मुळातलंच फटकळ, त्यात चाकणच्या दोन वर्षांनी त्याला चांगली धार आणली होती. कुणी नुसतं ‘काय सुप्रिया, कधी आलीस?’ विचारलं तरी मी अंगावर जायची.

क्लास म्हणजे जुन्नरच्या जुन्या बाजारात भांड्यांच्या दुकानावरची माडी. दोन मशिनी, एक उभा आरसा आणि पश्चिमेची खिडकी. दुपारी तीननंतर त्या खिडकीतून पिवळं ऊन आत यायचं आणि कापडाचे बारीक तंतू त्यात तरंगत राहायचे. खाली पितळेची ठोकाठोक चालायची, पण वर येईपर्यंत तो आवाज दुसऱ्याच कुठल्या गावातून आल्यासारखा वाटायचा. त्या माडीवर मी सात वर्षं काढली आणि मला ती सगळी अर्धवट झोपेत पाहिल्यासारखी आठवतात.

मिल्काबाई शालोम झिराडकर. जुन्नरात ज्यू माणसांचं हे एकच घर. ज्यू म्हणजे काय हे कुणाला नीट ठाऊक नव्हतं. कुणी त्यांना ख्रिश्चन समजे, कुणी पारशी. पोस्टमन तर कितीतरी वर्षं सिंधी समजत होता. त्या कुणाला समजावण्याच्या भानगडीत पडत नसत. माहेर अलिबागकडचं, नवरा पाटबंधारे खात्यात सर्व्हेअर, एकुलता एक मुलगा इस्राएलला. शनिवारी मशीन बंद. शुक्रवारी सांजेला काचेच्या पेल्यात पाणी आणि वर तेल घालून दिवा लावत. दाराच्या चौकटीवर एक बोटभर लांबीची तिरकी डबी ठोकलेली होती, तिच्यात देवाचं वचन गुंडाळून ठेवलेलं. जाता-येता त्या डबीला बोटं लावून ओठांना लावायच्या. क्लासच्या पोरीही बघून बघून तसंच करायला लागल्या होत्या.

पहिल्या आठवड्यातच त्यांनी मला माझ्या लग्नातला शालूवरचा ब्लाऊज आणायला सांगितला. मी चिडले. म्हटलं, “आता तो कशाला? सैल करून पुन्हा नांदायला पाठवताय का मला?”

“आण तर खरं,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ब्लाऊज माझ्या मांडीवर ठेवला, हातात ब्लेड दिलं. “आमच्यात माणूस गेलं की अंगावरचं कापड गळ्यापाशी फाडतात. पण तुझा नवरा जिवंत आहे आणि कापड चांगलं आहे. तू फाडू नकोस. उसव.”

“आणि मग?”

“सात शिवणी आहेत. रोज एक. सात दिवस आम्ही जमिनीवर बसतो, तसं तूही खालीच बसायचं. त्या वेळात तुला कुणी काही विचारणार नाही.”

मी रोज एक शिवण उसवली. पहिल्या दिवशी रागानं, तिसऱ्या दिवशी रडत, पाचव्या दिवशी नुसतीच. सातव्या दिवशी त्यांनी एका थाळीत भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची असं कालवून वर मनुका पेरल्या, भोवती पाच फळं मांडली. ह्याला त्या मलिदा म्हणायच्या. कुणी आजारातून उठलं, कुणाचं लग्न ठरलं की त्यांच्यात मलिदा करतात आणि एलियाहू हन्नाबीचं नाव घेतात. हे त्यांचे मोठे संदेष्टे. मेलेच नाहीत, जिवंतपणी आकाशात गेले. अडीनडीला पांढऱ्या घोड्यावरून येतात.

“मावशी, नवरा सोडून आलेल्या बाईचा असा विधी तुमच्या धर्मात आहे?” मी मलिदा खाता खाता विचारलं.

“नाही,” त्या म्हणाल्या. “आमच्यात गडगडाट ऐकला तर प्रार्थना आहे. इंद्रधनुष्य दिसलं तर आहे. नवं कापड अंगावर घातलं तर आहे, झाडाला पहिला मोहोर दिसला तर आहे. पण माणसाचं असं मधलंमधलं काही झालं, की पुस्तक मुकं. मग शिवून घ्यावं लागतं.”

उसवलेल्या ब्लाऊजच्या कापडाची त्यांनी माझ्या कात्रीला पिशवी शिवून दिली. ती आजही माझ्याकडे आहे. त्या सात दिवसांनंतर मी माणसांवर भुंकायचं कमी केलं. पूर्ण थांबवलं असं मात्र कुणी म्हणणार नाही.

पुढे बायका यायला लागल्या. ब्लाऊजच्या निमित्तानं यायच्या आणि आरशासमोर उभ्या राहून भलतंच काही सांगत बसायच्या. गर्भपिशवी काढून टाकलेली लंकाबाई आली, तिच्यासाठी मावशींनी तिच्या बाळंतपणातल्या लुगड्याची गोधडी करवली आणि पहिल्या रात्री ती तिनं एकटीनंच पांघरायची असं सांगितलं. लंकाबाई नंतर मला म्हणाली, “त्या गोधडीत मी लई दिसांनी झोपले गं.” काही जणींना मावशी काहीच सांगत नसत, नुसत्या माप घेत. कुणाला काय लागेल हे त्यांना कसं कळायचं, मला कधी समजलं नाही.

अठ्ठ्याण्णव साली शालोमकाका गेले. पुण्याहून दोन जीप भरून माणसं आली, कारण त्यांची ती प्रार्थना म्हणायला दहा पुरुष लागतात. मावशींनी गळ्यापाशी ब्लाऊज फाडला, सात दिवस जमिनीवर बसल्या, आणि तीस दिवसांनी फाटलेली जागा कच्च्या टाक्यांनी जोडली. सगळं रीतसर झालं. तेव्हा मला वाटलं, ह्या बाईला स्वतःसाठी काही शिवून घ्यायची गरज पडणार नाही.

मुलगा, डॅनियल, दर महिन्याला फोन करायचा. आई, ये. इथे तुझी खोली तयार आहे. दोन हजार दोनमध्ये त्याच्या बायकोला दिवस गेले आणि इकडे मावशींच्या डोळ्यांनी दगा दिला. सुईत दोरा मी ओवून द्यायची. गॅसवर दूध उतू जायचं आणि त्यांना वासानं कळायचं. कागदपत्रं झाली, तिकीट काढायचं तेवढं राहिलं. पण प्रत्येक वेळी काहीतरी निघायचं. आधी लग्नसराईच्या ऑर्डरी, मग दिवाळी, मग कुणाचंतरी बारसं. मी एकदा वैतागून म्हटलं, “ह्या माडीत काय सोनं पुरलंय तुम्ही? एकट्या पडून राहाल आणि मला कळणारही नाही.”

तो शुक्रवार होता. दिवा लावायची वेळ झालेली. त्यांनी दिवा लावला, डोळ्यांवर हात धरले, प्रार्थना म्हटली, आणि मग माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या.

“मला एक स्वप्न पडतं. दाराशी घोडा येतो. पांढरा, तुमच्या खंडोबाचा असतो तसा. एलियाहू हन्नाबी वरून म्हणतात, चल मिल्का, बस मागे. मला जायचं असतं. पण माझ्या मांडीवर पोर झोपलेलं असतं. ते उचलून घोड्यावर चढता येत नाही, आणि खाली ठेवावं तर कुठे? मी म्हणते, थोडं थांबा. घोडा थांबतो, पाय आपटतो. मग जाग येते.”

“डॅनियल असेल,” मी म्हटलं.

“डॅनियल नाही.”

त्यांनी ट्रंकेतून एक झबलं काढलं. पांढरं मलमल, गळ्याला निळं बारीक भरतकाम. एकदाही न घातलेलं. अडुसष्ट साली काकांची नेमणूक आळ्याला होती. तिथे त्यांना मुलगी झाली होती, डॅनियलच्या आधी. एकोणीस दिवस जगली. मावशींना ताप, दूध आटलेलं. जवळच दादाभाऊ धनगराचं रान होतं. त्याची बायको तानूबाई वर्षाच्या पोराला पाजत होती, तिनं ह्याही पोरीला छातीशी घेतलं. तरी पोर गेली. ओढ्यांना पूर, पुण्याच्या कब्रस्तानापर्यंत न्यायला रस्ता नाही, आणि त्यांच्यात माती त्याच दिवशी द्यावी लागते. काकांनी दादाभाऊच्या रानाच्या कोपऱ्यात तिला पुरलं.

“पुढे काही नाही,” मावशी म्हणाल्या. “तीस दिवसांच्या आतलं मूल गेलं तर आमच्यात शोक नसतो. कापड फाडायचं नाही, जमिनीवर बसायचं नाही, वर्षाचा विधी नाही. नाव महिन्यानं ठेवणार होतो, तेही राहिलं. मी जाते म्हटलं की हे म्हणायचे, तिथे काही नाही मिल्का, नुसतं रान आहे. पस्तीस वर्षं मी इथून तिकडे बघतेय.”

मी झबल्याची घडी घालून दिली.

त्यांनी माझ्याकडून पत्र लिहून घेऊन पुण्यातल्या त्यांच्या धर्माच्या एका जाणत्या गृहस्थांना विचारलं. उत्तर मायेनं लिहिलेलं होतं, पण तेच होतं. एवढ्या लहान मुलासाठी शोक नाही. आई-बापांना त्रास नको म्हणून पूर्वजांनीच ही सूट दिली आहे. मावशींनी पत्र दोनदा माझ्याकडून वाचून घेतलं. “सूट,” त्या म्हणाल्या. “बरं. मग आपण शिवून घेऊ.”

त्यांनी ठरवलं ते असं. आळ्याला जायचं, झबल्याचे टाके तिथे बसून उसवायचे, कापड मातीत ठेवायचं. त्यांच्यात कबरीवर फूल नाही, खडा ठेवतात, म्हणून कुकडी नदीच्या पात्रातला एक खडा मी आणून द्यायचा. थाळीभर मलिदा करायचा. नाव घ्यायचं. आणि मूठभर माती घेऊन यायची. इस्राएलची माती लोक जपून आणतात, मेलेल्याच्या डोक्याखाली ठेवायला. मावशी उलट आळ्याची माती तिकडे घेऊन जाणार होत्या. “एवढं झालं तर ती मांडीवरून उतरेल,” त्या म्हणाल्या. “नाही उतरली, तर तिकीट काढू नकोस.”

मे महिना संपत आला होता. आम्ही एस्टीनं आळेफाट्याला उतरलो, तिथून रिक्षा केली. डब्यात पोहे, खोबरं, साखर वेगवेगळं घेतलेलं, पिशवीत केळी, चिकू, सफरचंद, खजूर. पाचवं फळ पपई, ती मी एस्टीच्या रॅकवर विसरले. मावशींनी मला सबंध रस्ताभर ऐकवलं. मला ते बरंच वाटलं, तेवढा वेळ त्यांचं मन पपईत राहिलं.

दादाभाऊंचं रान शोधायला वेळ लागला नाही. दादाभाऊ केव्हाच गेलेले. मेंढरंही गेली, मुलगा बहिरू टोमॅटो लावत होता आणि पिकअपनं मार्केटला नेत होता. तानूबाई गोठ्यापाशी बसली होती. मावशींनी नाव सांगितलं. तानूबाई उठली, जवळ आली, त्यांचा चेहरा दोन्ही हातांनी धरून उजेडाकडे वळवला आणि म्हणाली, “लई उशीर केला बाई.”

मग ती पुढे आणि आम्ही मागे. टोमॅटोच्या सऱ्या, पाटाचं पाणी, पुढे बांध. दुपार कलली होती, गरम मातीचा वास येत होता, आणि पाटाच्या पाण्यावरून उन्हाचे कवडसे मावशींच्या साडीवर हलत होते. त्यांना डोळ्यांनी धड दिसत नव्हतं, पण त्या कुठेही अडखळल्या नाहीत.

कोपऱ्यात एक गुडघ्याएवढा दगड उभा होता. शेंदरानं लाल. वर हिरव्या काचेची एक बांगडी.

मावशी थबकल्या. मला भीती वाटली. त्यांच्या धर्मात दगडाला पुजणं ह्याहून मोठं पाप नाही. एरवी सगळं चालवून घेणारी ही बाई शेजारणीनं दिलेलं देवीचं कुंकूही नम्रपणे परत करायची. त्यांनी वाकून दगडाला हात लावला, बोटं डोळ्यांजवळ नेली. “शेंदूर?” त्या म्हणाल्या. आवाज इतका कोरडा झाला होता की मी दोघींच्या मध्ये पडणार होते. “माझ्या मुलीचा देव केलात तुम्ही?”

“देव न्हाई बाई,” तानूबाई म्हणाली. “खूण केली. न्हाईतर नांगर फिरला असता. पुसायचं तर पुसा. तुमची लेक हाय.”

मावशींनी पदर हातात घेतला. बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं. तानूबाईनं आडकाठी केली नाही. ती वळून घराकडे गेली आणि पत्र्याचा एक डबा घेऊन आली, बिस्किटांचा, गंजलेला. तिनं बांधावर पदर पसरला आणि डब्यातलं एकेक काढून ओळीनं मांडायला लागली.

पहिली काळ्या मण्यांची मनगटी. इतकी लहान की माझी जेमतेम दोन बोटं आत गेली असती. मग एक काचेची बांगडी, मग तिच्याहून जरा मोठी, मग आणखी मोठी.

“माझं दूध पेलेली पोर व्हती,” ती मांडता मांडता सांगत होती. “तिला एकटी कशी ठिवायची? दर साली जत्रंला कासाराकडनं बांगडी आनायचे. जुनी काढायचे, नवी चढवायचे. माप बहिरूच्या हातावरनं घ्यायचे. म्हनायचे, ह्याचा हात एवढा झाला, हिचाबी एवढा झाला असंल. बहिरू लाजून पळायचा.”

बहिरू बांधापलीकडे उभा होता. छत्तीस वर्षांचा गडी, पण खाली मान घालून हसला.

मावशी ओल्या पदरासकट खाली बसल्या. त्यांनी एकेक बांगडी हातात घेतली, बोटांनी चाचपून तिचं माप बघितलं. आयुष्यभर मापं घेतलेली बोटं ती. पाच वर्षांची. सात वर्षांची. एका बांगडीपाशी त्या म्हणाल्या, “ही दहाव्या वर्षाची,” आणि तानूबाईनं मान हलवली. शेवटाला अठरा बांगड्यांचा हिरवा चुडा होता, दोऱ्यात ओवून ठेवलेला.

“आणि हा?” मावशींनी विचारलं.

“अठरा वर्सं झाली तवा गावातल्या सगळ्या पोरी उजवल्या. म्हनलं, हिला किती दिस घरी ठिवायची. मंग दिली.”

“कुठे दिलीत?”

“लांब न्हाई. त्यो बांधावरचा आंबा दिसतो ना, त्याला. हळद लावली, चुडा भरला, पाच बाया जेवू घातल्या. लोक हसले. हसू द्या म्हनलं. तवापासनं दिवाळीला मी तिला माहेरवाशिनीची बांगडी आनते. ही वरची आता तीच हाय.”

मावशींनी चुडा मांडीवर ठेवला. पाटाचं पाणी वाहत होतं. मग त्यांनी मान वर केली, आंब्याच्या दिशेनं मिचमिच्या डोळ्यांनी बघितलं आणि लेकीच्या आईनं विचारावं तसं सरळ विचारलं, “कसा आहे?”

“गोड हाय,” तानूबाई म्हणाली. “जरा रेषाळ.”

मावशी हसल्या. हसता हसता रडायला लागल्या, आणि ते रडणं लवकर थांबलं नाही. तानूबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मला आतून फाटल्यासारखं होत होतं आणि तरीही, का कुणास ठाऊक, इतकं हलकं मला पूर्वी कधी वाटलं नव्हतं.

शेंदूर त्यांनी पुसला नाही. ओल्या पदरानं आपलं तोंड पुसलं. कुकडीतला खडा शेंदरी दगडाच्या पायाशी ठेवला. मी मलिदा कालवला, चार फळं मांडली. पाचवं नाही म्हणून मी ओशाळून बसले, तर बहिरू आंब्यावर चढला आणि पाडाचे दोन उतरवून आणले. मावशींनी एक हातात धरला. झाडाच्या फळाची त्यांची एक छोटीशी प्रार्थना आहे, ती म्हटली. मग म्हणाल्या, “तिचं नाव हदासा.”

“हदासा,” तानूबाई म्हणाली. बहिरूही म्हणाला. मीही म्हणाले.

झबलं मात्र त्यांनी उसवलं नाही. पिशवीतून काढलं, मांडीवर ठेवून बघितलं आणि तानूबाईच्या हातात दिलं. “हे आता तिला कसं होईल?” त्या म्हणाल्या. “बहिरूच्या घरात कधी पोर झालं तर घाला.” आंब्याच्या बुंध्याशी गेल्या, मूठभर माती रुमालात बांधली. तानूबाईनं दुसरा आंबाही त्यांच्या पिशवीत टाकला. लेकीकडून आईला काही द्यायलाच हवं, असं तिचं म्हणणं.

परतीच्या एस्टीत मावशी खिडकीला डोकं टेकून झोपल्या. मी त्यांना जागं केलं नाही. तिकीट काढू की नको, हेही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माडीवर गेले तेव्हा त्यांनी चहा केलेला होता आणि ट्रंक मधोमध ओढून ठेवली होती.

“घोडा आला होता,” त्या म्हणाल्या.

“आणि मांडीवरचं पोर?”

“पोर कसली गं आता. चांगली पस्तिशीची बाई. दोन्ही हात हिरव्या बांगड्यांनी भरलेले. घोड्याचा लगाम तिनंच धरला होता. मला म्हणाली, आई, बस तू, मी धरलाय.”

मी खाली बसले आणि आम्ही दोघींनी ट्रंकेला दोरी बांधायला घेतली.